ताईच्या फोनमधली बातमी

३ जून
नोकरी मिळाली! छापील पेपर बंद पडल्यापासून घरी माशा मारत बसले होते. आजपासून मी एका डिजिटल बातमीसेवेत उपसंपादक. तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, चाकांची खुर्ची. संपादकसाहेबांनी काम समजावलं: बातमी तपासायची, स्वतःच्या नावाने सोडायची, पुढे यंत्र ती ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे मांडून देतं. ताईला कळवलं तर तिचा आनंद गगनात मावेना. लगेच सेवा सुरू केली, अख्ख्या गल्लीलाही घ्यायला लावली. म्हणे, धाकटीचं नाव रोज दिसेल.

५ जून
ताईच्या गल्लीमागच्या रंगाच्या कारखान्यात विषारी वायूची टाकी गळतेय. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याशी बोलून मीच बातमी केली: आसपासच्यांनी आजच्या आज घरं सोडावीत. दुपारी ताईला फोन केला, निघालात का? ती हसायलाच लागली.
“अगं, तूच लिहिलंयस ना, घाबरण्यासारखं काही नाही म्हणून!”
तिने वाचून दाखवलं. नाव माझं, लिहिण्याची ढबही माझी. पण मी हे लिहिलंच नव्हतं. तिला घसा फोडून सांगितलं, तेव्हा कुठे निघते म्हणाली.
साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. घाबरलेला माणूस फोन खिशात टाकून पळतो, म्हणाले. निवांत माणूस वाचत बसतो. यंत्राला तेवढं कळतं.

६ जून
ताई गेलीच नाही. तिच्या फोनवर माझ्या नावाने खुलासा आलाय: काल उगाच घाबरवलं, माफ करा. भाऊजी म्हणाले, बोलताना माणूस चुकतो, लिहिलेलं तू तपासून लिहितेस. घरं सोडा म्हणत भोंग्याची गाडीही फिरून गेली. लोकांनी फोन पाहिले आणि दारं लावून घेतली.
ताई बोलताना खोकत होती.

७ जून, सकाळ
ताई फोन उचलत नाही. अग्निशमन दलाला कळवलं. ते म्हणतात, गल्ली कालच रिकामी झाली. कोणी सांगितलं? म्हणे, बातमी वाचली. माझ्याच नावाची.
निघालेय.

७ जून, अकरा वाजता
ताईच्या घरात. सगळी दारं बंद होती, हिचं लाथ मारून उघडलं. भाऊजी खुर्चीत— हलत नाहीत. ताईचा श्वास चालू आहे. हातात फोन. वर माझं नाव, खाली— गल्लीत सर्व सुखरूप.

डोळे चुरचुरतायत. पुन्हा अग्निशमन दलाला फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले, आधी खात्री करून— खात्री कशात करणार, माहीत आहे मला.

ताईला दोनदा उचललं. उंबऱ्यापर्यंत. माझाच श्वास—
तिला टाकून नाही जाणार.

ही वही कोणाला सापडली तर— सुखरूप असं मी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, पळा. मी लिहिलं होतं—