राखेची पेटी

लिंझ, रविवार

प्रिय पोल्डी,

हॉस्पिटलचं सूप पाणचट असलं तरी मी संपवतो, तेव्हा काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

घर ऊबदार ठेवणारा तेलाचा बॉयलर काढून लाकडी भुशाच्या कांड्यांचा बसवायचं तू लिहिलंस. त्यावर धुराडं साफ करणारा गोटहार्ड हसला म्हणे, "तरुणपणी लाकूड सोडून तेलावर गेलात, म्हातारपणी परत लाकडावर! मिळवलंत काय?" त्या शहाण्याला सांग, एवढी वर्षं माझ्या बायकोला जळण वाहावं लागलं नाही, हे मिळवलं.

तरी बसवून घे. तेलाची टाकी निघाली की तळघरात कांड्या मावतील. आधी ओढ्याकडची भिंत कोरडी करून घे, नाहीतर ओल लागून सगळ्याचा परत भुसा होईल.

कांड्या आपोआप बॉयलरमध्ये पडतात, पण राख कुणीतरी काढावी लागते. बसवणाऱ्याला तू सांगितलंस, "ते आमचे हे बघतील." पोल्डी, तसं सांगू नकोस. त्याच्याकडून लहान पेटी माग, भरल्यावरही तुला जिना चढून नेता येईल अशी. आणि सगळं तुलाच शिकवायला सांग.

मी बरा आहे. डॉक्टर मात्र हल्ली माझ्या खाटेपाशी थांबत नाहीत, लांबूनच मान हलवून पुढे जातात.

बॉयलर कुठलाही येवो, झोपताना लोकरी मोजे घालत जा. गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची सवय आता मोडायला हवी.

तुझाच,
एंगेलबर्ट