मुठीतली हळद

कोल्हापूर,
१० फेब्रुवारी २०२६

प्रिय विश्वजित भाऊजी यांस,

सप्रेम नमस्कार. मी इकडे बरी आहे. आत्याबाईंचा गुडघा आता कसा आहे? मागच्या वेळी दिलेलं तेल संपलं असेल तर कळवा, इथल्या वैद्यांकडून आणून ठेवते. म्हैस व्याली का? व्याली असेल तर चीक हॉस्टेलवर पाठवू नका. गेल्या वेळी पोरींनी मला खरवसाची एक वडीसुद्धा ठेवली नव्हती आणि वर विचारत होत्या, “रेक्टर मॅडम, तुमच्या दिरांकडं अजून किती म्हशी आहेत?”

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

“वहिनीच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाय. लावून तर बघू दे.”

हे वाक्य तुमचं. तुमच्या दादांना अंगणातून उचलायच्या आधीचं. शालूबाई बत्ता घेऊन माझ्यासमोर बसली होती. मी दोन्ही हात पुढे केले होते, कारण अशा वेळी ते पुढे करायचे असतात एवढंच मला माहीत होतं. तुम्ही पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत आलात आणि माझे हात खाली केलेत. शालूबाई म्हणाली, “पोरा, रीत हाय ती.” तुम्ही म्हणालात, “आसंल. माझ्या दारात न्हाय.”

अख्खं गाव उभं होतं. शालूबाईनं बत्ता पदराखाली घेतला. त्या बांगड्यांतल्या दोन अजून माझ्या हातात आहेत. भांडी घासताना मी त्या वर सारून घेते.

पुढे काही महिन्यांनी ग्रामसभेत ठराव झाला. विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं, लग्नकार्यात मागे बसवायचं नाही. सूचक कोण, तर विश्वजित. पेपरात फोटो आला होता तुमचा. तुम्ही सदऱ्याचं वरचं बटण लावायचं विसरला होता आणि त्यावरून मी तुम्हाला महिनाभर चिडवलं होतं.

आणि गेल्या डिसेंबरात त्याच पंचायतीत तो ठराव रद्द करायला हात वर झाले. पाच हात. त्यातला एक तुमचा.

फोनवर विचारलं की तुम्ही म्हणता, “वहिनी, रेंज न्हाय, मागनं करतो.” मोबाइलवर लिहिलं की हात जोडल्याचं चित्र येतं. म्हणून हे पत्र. तुमच्या लेकीच्या, पूर्णीच्या हाती दिलं असतं, पण ती वाचेल. तिनं वाचू नये असं यात पुढे काही आहे, म्हणून पोस्टानं पाठवते आहे.

तुम्ही पार्टी बदललीत याचा मला राग नाही, हे आधी सांगते. आपल्या गावात पंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात, पण दोन पार्ट्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि माणसं इकडून तिकडं जात असतात. जुन्या पार्टीनं घरफाळा वाढवला तो अन्यायच होता. तुमच्या कोंबड्यांच्या शेडला त्यांनी पक्की इमारत धरली, तेव्हा हरकतीचा अर्ज मीच लिहून दिला होता. पाणीपट्टी वाढवली आणि नळाला पाणी दिवसाआड. त्या पैशातून काय केलं? वेशीत स्वागत कमान. कमानीखालून गटाराचं पाणी वाहतंय आणि वर लिहिलंय, ‘आपले सहर्ष स्वागत’. तेव्हा दुसऱ्या पार्टीचे गणपतराव म्हणाले की आम्ही घरफाळा निम्मा करू, पाणीपट्टी कमी करू, आणि लोकांनी ऐकलं. ऐकणारच. मला महिन्याच्या शेवटी गॅसची टाकी संपली की काय होतं ते माहीत आहे. खिशाचा विचार करून मत देणाऱ्याला मी हलकं समजत नाही.

पण गणपतरावांनी प्रचारात आणखी एक वाक्य टाकलं होतं. हळूच, घरोघरी, म्हाताऱ्या माणसांपुढे. पंचायतीनं लोकांच्या घरातल्या चालीरीतीत नाक खुपसायचं बंद करू.

दिवाळीत मी तुम्हाला त्याबद्दल विचारलं होतं. शेडच्या दारात उभं राहून तुम्ही मला समजावलंत.

“वहिनी, पंचायतीनं दिवं, गटार, पाणी बगावं. बायकांच्या बांगड्या हा तिचा विषय हाय व्हय?”

“मग कुणाचा?” मी म्हणाले.

“ज्याचा त्याचा. घरचा.”

“घरात फोडत नाहीत भाऊजी. अंगणात फोडतात, गाव गोळा करून.”

तुम्ही हसलात. “तुमच्याशी बोलाय वकीलच पायजे. आवो, कोण मागं जातंय आता? म्हनायला म्हनत्यात गणपतराव, म्हाताऱ्यांची मतं पायजेत की. घरफाळा खरा, बाकी सगळं भाषण.”

आणि मी ते मान्य केलं. तुमच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. आता मला याचाच जास्त संताप येतो. खोटं बोलला असतात तर निदान तुम्हाला कळलं असतं की आपण काय देऊन काय घेतोय.

मग तुम्ही बिरोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचललात. सगळ्या उमेदवारांनी उचलला. पार्टी सोडणार नाही, पार्टी सांगेल तिथं हात वर. मूठभर हळद हातात घेऊन देवासमोर शब्द दिला. कशाकशाला हात वर करायचा ते आधी विचारलं का कुणी? नाही. आपल्याकडं भंडारा असाच उचलतात, आधी मूठ भरायची आणि मग कळतं कशासाठी भरली.

ठराव रद्द झाल्यावर ज्ञानू मला बसस्टँडवर भेटला. तुमच्या शेडवर काम करतो म्हणून तुमचीच बाजू घेणार. म्हणाला, “आक्का, मालकांचा काय दोष? भंडारा उचललाय. शब्द मोडला तर बिरोबा सोडंल व्हय?”

बस लागली होती, मी चढले. पण वाटेत सबंध रस्ताभर मी तुमच्याशी भांडत होते, तोंड मिटून. भाऊजी, घरफाळ्याचा ठराव वेगळा होता आणि हा वेगळा. घरफाळा आधीच निम्मा झाला होता, त्याच सभेत, अर्ध्या तासापूर्वी. तुमचा हात दुसऱ्या वेळी खाली राहिला असता तर त्यातला एक रुपया कुणी परत वाढवला असता का? तुम्हाला निवड करावी लागणारच नव्हती. दोन्ही मिळत होतं. तुम्ही एक घेतलंत आणि दुसरं फुकट देऊन टाकलंत.

आणि अंगणात मला दिलेला शब्द भंडाऱ्याशिवाय दिला होता, म्हणून तो हलका का?

गेल्या आठवड्यात बायडाबाई सीपीआर दवाखान्यात डोळे दाखवायला आली होती, मुक्कामाला माझ्याकडं राहिली. दादांच्या पाठोपाठ तिचा नवरा गेला, ठरावानंतर गावात कुंकू न पुसलेली पहिली बाई तीच. जेवताना मी विचारलं, “मत कुणाला दिलंस?”

“गणपतरावाला. आनि कुनाला?” भाकरी मोडत म्हणाली. “पानीपट्टी भरून कंबर मोडली माझी. पानी न्हाय आनि पट्टी.”

“आणि ठराव?”

“त्यो झालाच हुता की ग. झाल्यालं काय परत न्हेत्यात व्हय? दिलेली साडी कोन परत मागतंय?” मग घास तसाच हातात धरून बसली. “संक्रांतीला आमच्या आळीतल्या एकीनंबी वाण दिलं न्हाय. तीन वर्सं देत हुत्या. यंदा दारावरनं गेल्या, माझ्याकडं बगून हासल्या आनि गेल्या. मी आपली तिळगूळ करून बसलेली.” आणि मग म्हणाली, “घरफाळा निम्मा झाला बग आक्का. मीबी निम्मी झाले.”

आणि हसली. तिचं ते हसणं मला सहन झालं नाही. मी ताट उचलून मोरीवर गेले.

हॉस्टेलमधल्या मुलींशी कधी कधी या विषयावर बोलणं होतं. पहिल्यांदा मत दिलेल्या पोरी आहेत. एक म्हणते फी माफ करणाऱ्याला देणार, दुसरी म्हणते त्याचाच माणूस परवा भाषणात म्हणाला की मुलींना शिकवून घरं मोडतात, मग फी माफ कशाला करतोय तो? मोठमोठ्यानं भांडतात आणि मग एका ताटात मिसळ खातात. मला त्यांचं बरं वाटतं. निदान त्या दोन्ही पारडी समोर ठेवून भांडतात. आपण मोठी माणसं एक पारडं टेबलाखाली सरकवतो आणि म्हणतो, ते काय, ते आहेच.

बघा, चार पानं झाली आणि मी अजून गावाचंच लिहिते आहे. बायडाबाईचं, पोरींचं. स्वतःचं सोडून सगळ्यांचं.

परवा तेजस्वीचा फोन आला. जाऊ म्हणून तिनं आजवर मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही, परवाही गोडच बोलत होती. “आक्का, राग मानू नगा. मलकापूरचं पावणं जरा जुन्या वळणाचं हायत. तुम्ही पूर्णीच्या हळदीला नगा येऊ. लग्नादिवशी दुपारी जेवायलाच या. मागं पंख्याजवळ तुमची खुर्ची ठेवतो, तरास व्हायला नगो तुम्हांस्नी.”

मी “बरं” म्हणाले.

भाऊजी, ती बोलत असताना मागे कुणीतरी खोकलं. ओला, तंबाखूचा, दोनदा. वीस वर्षं मी तो खोकला ऐकते आहे. तुम्ही तिथंच बसला होता.

मलकापूरच्या पाहुण्यांना कुणी विचारलं का? नवऱ्या मुलाची आई इथं पूर्णीला बघायला आली होती, तेव्हा तिनं माझ्या हातचा चहा घेतला, माझ्या कपाळाला स्वतः कुंकू लावलं आणि म्हणाली, पोरीवर तुमचंच वळण दिसतंय. पाहुण्यांचं नाव पुढे करून तुम्ही गावाला भिता आहात. आणि गावाला ही हिंमत तुमच्या हातानं दिली आहे. ठराव होता तोवर मला मागे बसवायचं म्हटलं तर बोलणाऱ्याला लाज वाटली असती. आता लाज मला वाटावी अशी सोय झाली.

पूर्णी तीन वर्षं माझ्याजवळ राहून बी.एस्सी. झाली. तापात माझा हात धरून झोपायची. परीक्षेच्या सकाळी माझ्या हातचं दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही, तेव्हा कुणाला अपशकुन झाला नाही. रविवारी येऊन बसली आणि म्हणाली, “थोरली आई, पहिली हळद तू लावायचीस. तू नसशील तर मी पाटावर बसणार नाही.” मी तिला गप्प केलं. म्हटलं, वेडेपणा करू नकोस, आईबापाचं मन मोडू नये. तिला फोनचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तिच्या लग्नात तिनं बापाशी भांडावं असं मला नको आहे. भांडायचं ते मी भांडते.

एकच विचारते. बिरोबाच्या देवळात तुम्ही जी मूठ भरलीत ती हळदच होती ना? आपल्याच शेतातली असेल, आत्याबाईंनी दळून आणलेली. दादा गेले त्या वर्षी त्या वाफ्यांतली हळद मी काढली, शिजवली, वाळवली. ती तुमच्या मुठीत पवित्र, देवासमोर शब्द बांधणारी. आणि माझ्या बोटांवर आली की पोरीचं वाईट होणार?

आता पुढचं तू म्हणून लिहिते. मी लग्न होऊन आले तेव्हा तू नववीत होतास आणि मी तुला अरे-तुरे करायची. तुझ्या लग्नात आत्याबाई म्हणाल्या, आता अहो म्हण, तेव्हापासून म्हणत आले. आज म्हणवत नाही.

विश्वजित, हळदीच्या दिवशी, बावीस तारखेला सकाळी तू स्वतः मला न्यायला ये. गाडी पाठवू नकोस, ज्ञानूला पाठवू नकोस. तुझ्या मोटरसायकलवर मागं बसव आणि त्या कमानीखालून, भर उजेडात, शालूबाईच्या दारावरून घरी ने. मांडवात सगळ्यांसमोर मला पूर्णीच्या पाटाजवळ उभी कर. तुला बोलायला काही नको. फक्त त्या दिवशी अंगणात उभा होतास तसा माझ्या शेजारी उभा राहा. मी दोन बोटं हळद लावीन आणि हवं तर मग पंख्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसेन.

तू येणार नाहीस. तुला गणपतराव काय म्हणतील, आळी काय म्हणेल, हे सगळं मला इथूनही दिसतं आहे, आणि बावीस तारखेला सकाळी तुला रेंज नसेल हेही. तरीही मी मागते. बांगड्या घालून, हिरवं लुगडं नेसून हॉस्टेलच्या फाटकात उभी राहते. ये.

पूर्णीची थोरली आई,
आणि अजून तरी तुझी
वहिनी