‘फ्रागिले’ परत घेताना

हे लिहायला मी तीन महिने लावले, हे आधीच कबूल करतो. वकील म्हणाले होते, मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिलंस तरी चालतं, फक्त दोन साक्षीदार पाहिजेत. तेव्हा आंबे चालू होते, आता ऑगस्ट लागला. कधी पेन सापडत नव्हतं, आणि पेन सापडलं तेव्हा अंजूरला एकाच्या हळदीला जायचं होतं. येत्या गुरुवारी मुंबईला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून आज बसलोच.

मी, देवेश दामू तरे, वय सत्तावीस, राहणार पूर्णा, तालुका भिवंडी, लिहून ठेवतो की आज माझं डोकं शाबूत आहे, कोणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही, आणि मी परत आलो नाही तर माझं जे काही आहे ते पुढे सांगितल्याप्रमाणे द्यावं.

कलम १. खोली. वडिलांनी शेत गोडाऊनसाठी विकलं तेव्हा वाटणीत मला मागची पत्र्याची खोली आली. पुढची मागायला मी हजर नव्हतो. ट्रकवर क्लीनर होतो, त्या आठवड्यात सिलिगुडीला. तिथे चहा एवढ्याशा मातीच्या कपात देतात आणि पिऊन झाला की कप फोडतात, मला फोडवेना, मी चार घरी आणले. असो. ही खोली मी आमच्याच गावातल्या धम्मदिना जानू गायकवाड हिला देतो. अट एकच : रोज संध्याकाळी पाच ते सात, पहिली ते चौथीच्या मुलांचा इंग्रजीचा जो वर्ग मी घेतो तो तिथे चालू राहिला पाहिजे. माझ्या भावाने तिथे भाडेकरू ठेवू नये. धम्मदिना डी.एड. झाली आहे, मी दहावी नापास आहे. ती वर्षभर माझ्याशी बोलत नाही. कारण कलम ४ मध्ये.

कलम २. पुठ्ठे. दोन गोण्या. खोक्यांच्या बाजू कापून केलेले, एकूण दोनशे बारा. हेसुद्धा धम्मदिनाला. मला इंग्रजी कोणी शिकवलं नाही, माल चढवता-उतरवता खोक्यांवरून आलं. सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं, आणि आमच्या गावातली पोरं एबीसीडी अशी म्हणायची जशी आरती म्हणतात, अर्थ विचारायचा नाही. मी त्यांच्यापुढे खोकी ठेवली. ‘धिस साइड अप’ म्हटलं की सगळ्यांनी हात वर करायचे, ‘कीप ड्राय’ म्हटलं की प्लास्टिकखाली घुसायचं. ‘हँडल विथ केअर’ला तळहातावर अंडं घेऊन दारापर्यंत चालायचं. तीन अंडी फुटली, तेवढीच. माझ्या मुलांना शब्द आधी अंगात येतो, मग वाचता येतो, स्पेलिंग सगळ्यात शेवटी. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, आणि हे चांगलं आहे हे मला माहीत आहे.

कलम ३. पंढरी गुरुजी. शाळेतले. यांना माझ्याकडून काहीही देऊ नये, एक पुठ्ठासुद्धा नाही. यांनी पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं, “नापास क्लीनर इंग्रजी शिकवतोय. पोरं उद्या खोकी वाचत बसतील.” गुरुजी, वाचत बसली. दुसऱ्या दिवशी अकरा पालकांनी मुलं काढून घेतली, त्यांतली नऊ स्वतःहून परत आली. मी गेलो की हे वर्ग बंद पाडतील, एवढी एकच भीती मला आहे. ऑपरेशनची नाही. बरं, थोडी आहे.

कलम ४. एक शब्द. खोक्यावर काचेचा पेला काढलेला असतो, त्याखाली लिहिलेला शब्द मी दोन वर्षं ‘फ्रागिले’ असा शिकवला. धम्मदिना वर्ग बघायला आली आणि म्हणाली, “दादा, फ्रॅजाइल म्हणतात.” मी मुलांसमोर म्हणालो, “आता तू मला शिकवणार?” ती गेली ती आलीच नाही. मी डिक्शनरी बघितली. ती बरोबर होती. तरी मुलांना सांगायचं मी रोज उद्यावर ढकललं.

आणि खरं सांगायचं तर त्या चुकीचाही मला अभिमान आहे. दुसरीतली भाविका एकदा गोडाऊनच्या फाटकाशी ओरडली, “ओ काका, फेकू नका, फ्रागिले हाय!” हमाल थांबला. “ये फ्रागिले क्या होता है, गुड़िया?” ही म्हणाली, “टूटता है. धीरे!” त्याने खोकं हळूच ठेवलं. आता त्या गोडाऊनमध्ये सगळे हमाल ‘फ्रागिले’ म्हणतात.

तरीही तो शब्द मी आज परत घेतो. पहिल्याच दिवशी धम्मदिनाने बरोबर शब्द सांगावा आणि चूक देवेशदादाची होती हेही सांगावं.

कलम ५. गोदूबाई तरे, माझी आत्या. हिला कलम १ मधले चार कप. ही वर्गाच्या दारात सुकट निवडत बसायची, नुसतं ऐकून शिकली. खालची तिची सही इंग्रजीत आहे. तिने आयुष्यभर अंगठा दिला होता. हे लिहिताना माझी छाती जरा जास्तच फुगली आहे, डॉक्टरांना सांगू नये.

ठिकाण : पूर्णा. तारीख : ६ ऑगस्ट २००७.

सही : देवेश दामू तरे

साक्षीदार १ : गोदूबाई तरे (सही इंग्रजीत, ओ अगदी गोल आहे)

साक्षीदार २ :

ही जागा रिकामी आहे, कारण मी सगळं वाचून दाखवल्यावर आत्या सही करून दुसरा साक्षीदार बघायला गेली. मी तिला महादूशेठकडे पाठवलं होतं. आता बाहेर तिचा आवाज येतोय, “या, या, तो रागावणार न्हाय.”

दारात चपला काढतायत ते पंढरी गुरुजी आहेत. आत्याने वाटेत सगळं सांगितलेलं दिसतंय. हातात पेन आहे, पण आत येत नाहीत. उंबऱ्यातूनच विचारतायत, “देवेश, फ्रागिले चुकीचं आहे म्हणे? अरे, तुझ्या पोरांकडून ऐकून मी वर्गात तेच शिकवतोय.”