जर्दाळूला बर्फ

भैरवी,

नावाआधी चिरंजीव लिहावं का न्हाय, कळंना. हे पत्र तुझ्यासाठी न्हाय, जर्दाळूच्या झाडासाठी हाय.

लेहच्या पोरासंगं लगीन करून तू दारात आलतीस, तवा हे रोप आईच्या हातात दिलंस. मी आतच बसलतो. मागनं गल्लीभर सांगितलं, पोरगी आमच्यापुरती मेली. तुझ्या आईनं मात्र रोप परसात लावलं.

औंदा थंडीत त्याची सगळी पानं गळली. झाड मेलं का झोपलं? नर्सरीवाला म्हणला, ह्याला कडक गारठा लागतो, आपल्या कळंब्यात कुठला मिळायचा? म्हणून बुंध्याला घालाय बर्फाची लादी स्कूटरवरनं आणली. आपल्याकडं घरी लादी कवा येते, तुला ठाव हाय. पावणं येईस्तवर मयत ठेवायचं असलं की. मी ती दारात उतरवतोय, तोवर शेजारची आक्काताई पदर तोंडाला लावून पळत आली, "कोण गेलं वो?"

मी खेकसलो, "कोण बी गेलं न्हाय! आमच्या घरातलं कोण मेलेलं न्हाय!"

तुझी आई उंबऱ्यात हुती. ती हसली का रडली, मला उमगलं न्हाय.

फांदीला नख लावून बघितलं, आत हिरवं हाय. मग आता पाणी घालू का नको? फोनच केला असता, पर तुझा नंबर मीच ब्लॉक केलाय. तो परत सुरू कसा करत्यात, हे घरात कुठल्या तोंडानं विचारू?

तुझे,
आण्णा