लाल झाकण

तूलाँ बंदर, सोमवार, ५ मार्च

एकदाचा जहाजावर आलो! विमानवाहू जहाज म्हणजे काय प्रकरण असतं, ते आज कळलं. जेवणाची खोली शोधता शोधता दोनदा धोबीखान्यात शिरलो. तिथला गडी म्हणाला, आता परत आलास तर निदान मळके कपडे तरी घेऊन ये.

माझं काम फोटोच्या अंधाऱ्या खोलीत, बोझेक चीफच्या हाताखाली. माणूस आमच्या ब्रेस्टकडचाच. सारखा करवादतो, पण मनाने चांगला. आईने बांधून दिलेला लोणी-साखरेचा केक अर्धा एकट्याने हाणला आणि वर म्हणतो, मीठ कमी पडलंय! तेव्हापासून सगळे मला 'केक' म्हणतात. माझं नाव पेरिग आहे, हे बहुधा मलाच आठवणार.

आमचं विमान एतांदार. इतर विमानं बॉम्ब नेतात, हे फोटो आणतं. नाकात कॅमेरे, पोटात कॅमेरे, तोफ मात्र नाही. मला बघताक्षणी आवडलं.

गुरुवार, १५ मार्च, समुद्रात

काम अंगवळणी पडतंय. पोटाखालच्या मोठ्या कॅमेऱ्यावर लाल झाकण असतं, खारं पाणी लागू नये म्हणून. क्लिपांनी घट्ट बसवलेलं. उड्डाणाआधी मी ते काढायचं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून वैमानिकाला दाखवायचं. त्याला बसल्या जागेवरून विमानाचं पोट दिसत नाही. तो माझ्या हातातलं झाकण बघतो, अंगठा दाखवतो आणि जातो. परत आल्यावर फिल्मची पेटी काढायला पोटाखाली पहिला शिरतो तोही मीच.

बाकीचे वैमानिक उतरले की कॉफीकडे पळतात. लेफ्टनंट मोर्वान मात्र आमच्या खोलीकडे येतात, दाराच्या पत्र्याच्या झडपेवर अंगठीने ठोकतात आणि विचारतात, काय रे पोरा, दिसतंय का काही? हो म्हटल्याशिवाय कॉफीला हात लावत नाहीत. खालून उडताना विमानाची सावली फिल्मवर येते, तिला ते 'माझं कुत्रं' म्हणतात. इमानी आहे म्हणे, पाठ सोडत नाही.

मंगळवार, २० मार्च

लिहायचीही लाज वाटते.

वारा भन्नाट होता. आमची दोन एतांदार शेजारी शेजारी उभी. बर्तोले साहेबांच्या विमानाचं झाकण काढून मी काखेत धरलं होतं. तेवढ्यात हुकूम आला, मोर्वान आधी जाणार, पळ! मी पळालो, समोर उभा राहिलो आणि झाकण उंच धरलं. काखेतलंच. मोर्वान साहेबांनी अंगठा दाखवला आणि गेले.

शत्रूच्या किनाऱ्यावरच्या तोफांच्या तोंडावरून फिरून ते परत आले. मी पोटाखाली शिरलो, तर त्यांचं झाकण जागच्या जागी! कुणी बघायच्या आत उपटलं आणि जाकिटात कोंबलं.

फिल्म कोरी निघाली. झडपेवर अंगठी वाजली. दिसतंय का काही? मी म्हटलं, नाही साहेब, काही आलंच नाही.

बोझेक म्हणाला, कॅमेऱ्याच्या काचेवरचं सरकतं दार हवेत गेल्यावर वैमानिकानेच बटणाने उघडायचं असतं, विसरले असतील. तोफा धडधडल्या की भल्याभल्यांचे हात लटपटतात. मी मान डोलावली. मी!

बुधवार, २१ मार्च

सकाळी मोर्वान साहेबांच्या खुर्चीवर कुणीतरी बाळाचं दुपटं ठेवलं. ते सगळ्यांबरोबर हसले, पण कान लाल झाले होते. म्हणाले, दार उघडल्याचं मला पक्कं आठवतंय. तरी पुन्हा जातो, आणखी खालून जातो.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी मात्र धावपट्टीकडे निघालो. यावेळी झाकण नीट काढलं, नीट दाखवलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि माझ्याकडे बघून हसलेसुद्धा.

परत आले नाहीत.

शनिवार, २४ मार्च

कमांडरांचा अहवाल तूलाँला पोचायच्या आत पूर्ण होणार. बोझेक सांगत होता, त्यात असं येणार की गडी पहिल्यांदा घाबरला आणि दुसऱ्यांदा ते लपवायला आततायीपणा केला. बायकोलाही हेच कळवणार. सोलेन तिचं नाव. बोझेक त्यांच्या लग्नात नाचला होता. म्हणाला, पोरीला आता शेजाऱ्यांची तोंडं चुकवत जगावं लागेल.

उद्या सांगतो. उद्या नक्की सांगतो.

सोमवार, २६ मार्च

काल नाही सांगितलं.

आज बर्तोलेंची फिल्म धुतली. पाण्यावर विमानाची सावली, आणि तिच्या मागे दुसरी. तशीच, एतांदारची. बर्तोले शपथेवर सांगतात, आसपास कुणीही नव्हतं. बोझेकने टेबलाची काच पुसून पाहिली, सावली तशीच.

मंगळवार, २७ मार्च

आजच्या फिल्मवर दुसरी सावली जवळ आलीय. बर्तोलेंच्या मागे नाही ती. जहाजाकडे येतेय—

मोर्वान साहेबांचं झाकण त्या दिवसापासून माझ्या गादीखाली आहे. गादी ओली. पुसली. पुन्हा ओली. चाखून पाहिलं, खारट.

गुरुवार, २९ मार्च

कमांडरांच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी वर पाहिलं, काय रे, काय हवंय? मी म्हटलं, रसायनांच्या मागणीवर सही हवी होती. त्यांनी सही केली, वर शाबासकी दिली.

थू माझ्या जिंदगीवर.

शुक्रवार, ३० मार्च

आजच्या फिल्मवर आमचं जहाज. धावपट्टीवर सावली. विमान नाही, नुसती—

झाकण पाण्यात फेकून आलो. खाली आलो तर गादीखाली होतं.

शनिवार, ३१ मार्च

उद्या तूलाँ. अहवालावर संध्याकाळी सही. आज एकही विमान उडालं नाही.

तरी टेबलावर फिल्मची पेटी आहे. पाणी गळतंय. मोर्वान साहेबांच्या विमानाची. बोझेक बाहेर गेलाय.

धुतली. पहिल्या चौकटीत माझे बूट. मग समुद्र. मग समुद्राच्या आतलं— मग आमचा जिना. मग हे दार, बाहेरून—

झडपेवर अंगठी वाजली.

काय रे पोरा, दिसतंय का काही?

किती मायेने विचारलं. आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच आलं. नाही साहेब. काही दिसत—

दिवा चालू आहे. बटण तपासलं, चालूच आहे. पण पान दिसत नाही. डोळ्यांवर ओलं काहीतरी, गार, कडेने क्लिपा रुतताहेत, निघत नाही— बोझेकला हाका मारतोय. बोझेक, दार त्यांनी उघडलं होतं! झाकण मीच काढलं नव्ह—