ताण पुरा व्हायच्या आधी

माय,

तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता मी तुला समुद्राची गोष्ट सांगायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, कामधंदा न्हाई का तुला? मी चुलीपुढं बसून भूगोल घोकायचे, गरम प्रवाह, थंड प्रवाह, आणि तू भाकर थापता थापता हटकायचीस, "समुद्राचं आपल्याला काय घेणं? तो तिकडं, आपण इकडं." आता तोच भूगोल मी तीर्थपुरीच्या शाळेत शिकवते, फळ्यावर लाल-निळे बाण काढते. पोरं बिलकुल तुझ्यासारखं तोंड करून बघतात.

या हिवाळ्यात आपल्या मोसंबीच्या बागेत जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगू? दादानं तुझ्याच रीतीनं झाडांना ताण दिल्ता. पाणी तोडायचं, पानं गळून झाड वाळल्यागत दिसू द्यायचं, मंग पाणी सोडून बहर घ्यायचा, हे तूच शिकवलंस. ताण पुरा व्हायला अजून बराच अवकाश होता. एका पहाटे कोमट वारं सुटलं, धूळ बसेल एवढी भुरभुर झाली, बस्स. थंडी तर आलीच न्हाई. आणि एका रविवारी दुपारी मी शेतात जाते तर अख्खी बाग पांढरी. झाडाला पान न्हाई, नुसती फुलं. वासानं डोकं गरगरायला लागलं. आणि एक मधमाशी न्हाई, माय. भर उन्हात, एवढ्या फुलांत, कुठं भुणभुण न्हाई. मला भेव वाटलं.

दादा बांधावर उभा, आत पाऊल टाकायला तयार न्हाई. शेजारची काकू त्याला सांगून गेल्ती की तुझी माय बागेला पाणी देऊन राह्यली, तिचा जीव अडकलाय इथं. त्यानं झाडाच्या आळ्यात हात घालून बघितलं, तर खाली माती ओली. मंगळवारसाठी जेसीबीसुद्धा सांगून ठेवला होता त्यानं. बाग मुळासकट काढली तरच माय सुटंल म्हणाला, आणि रडायला लागला. तू गेलीस तेव्हासुद्धा रडला नव्हता गं तो.

मी चिडले. बांधावरच शाळा भरवली. ती ओल त्या भुरभुरीची, आणि भुरभुर समुद्राची, असं सांगितलं. पार पृथ्वीच्या पलीकडच्या महासागरात कोमट पाणी आपली जागा सोडून सरकतं, तिकडचे वारे ढिले पडतात आणि इकडं आपले महिने बिघडतात. आपला अरबी समुद्रही तापून राह्यलाय, त्याची वाफ अवेळी इथवर येते. सगळं बराबर सांगितलं.

"मंग त्या समुद्राला सांग ना," तो म्हणाला, "पाणी देऊ नको म्हणून."

ते ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. पाणी देणारी तू असतीस, तर निवद ठेवून, हात जोडून तुला समजावता आलं असतं. त्या पाण्याला कोण समजावणार? जन्मात कधी बघितलं न्हाई ते पाणी, आणि ते आपल्या झाडांच्या मुळाशी येऊन बसलंय.

शेवटी मी म्हटलं, जेसीबी थांबव. हा बहर झाडून टाकते. आत्ता फळ धरलं आणि पुढं आणखी एक बहर फुटला, तर झाड खचून जाईल. फुलं पाडली तर निदान जीव तरी राहील त्याच्यात. फुलाला हात लावला की तू पाठीत धपाटा घालायचीस, तरी मी सोमवारी शाळेतून रजा काढून एकटीनं फांद्या हलवल्या. दादा लांबूनच बघत होता. संध्याकाळी त्यानं जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं. बाग राहिली, निदान यंदा तरी.

हे पत्र मी कुठं धाडणार न्हाई, आणि दादाच्या हाताला तर मुळीच लागू देणार न्हाई. माझ्या भूगोलावर भरवसा ठेवून त्यानं बाग राखलीय. त्याला कळता कामा नये, की प्रत्येक झाड हलवायच्या आधी मी हळूच म्हणत होते, माय, जरा बाजूला सरक. आणि तू सरकेपर्यंत थांबत होते.