शर्ली की शिरली

मंगळ., ३ मार्च
समीरची पँट मशीनमध्ये टाकताना हिला खिशात चिठ्ठी सापडली. अक्षर त्याचंच, इंग्रजी. एक नाव, पुढे 'शनि., सकाळी ११'. मी अक्षरं जुळवून वाचलं: शिरली.
"कोण शिरली? कुठं शिरली?" ही घाबरलीच.
पोरगा चोवीस वर्षांचा. विचारायचं कसं? चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवली, पाहिलीच नाही अशी.

गुरु., ५ मार्च. उपास.
हॉस्पिटलच्या किचनमध्ये सोबत काम करणाऱ्या मॉरीनला स्पेलिंग दाखवलं. ती सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणते. "शर्ली म्हण, लव्ह. माझ्या आजीचं नाव. आता कोण ठेवतंय?"
म्हणजे बाई वयानं मोठी?
मॉरीन म्हणे, मुळात हे जागेचं नाव. 'ली' म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जमीन, आधीचं 'शर' म्हणजे बहुतेक 'उजळ'. जागेवरून आडनाव, आडनावावरून मुलीचं नाव. आपण गावाला 'कर' लावून आडनावावर थांबतो. पोरींना नद्यांची, तीर्थांची नावं देतो, आडनावं नाही.
जेवताना हिनं विचारलं, "शनिवारी काय रे?"
"काही नाही गं आई. फ्रेंडकडे."
माझ्याकडे बघितलं नाही.

शनि., ७ मार्च
सकाळी सातलाच गेला. ही म्हणाली, "अहो, दाढी करून गेलाय. संपलं!"
जपाला बसलो. रामाच्या जागी तीच येते. माळ तीनदा पहिल्या मण्यापासून.
संध्याकाळी दारातच विचारलं, "शर्ली बरी आहे?"
दचकला. मग हसत सुटला. "बाबा! शर्ली एरिया आहे, साउथहॅम्प्टनमध्ये! फ्लॅट बघायला गेलेलो. ऑफिस तिकडे मूव्ह होतंय. छान जागा आहे, पण फ्लॅट छोटा. सांगणारच होतो."
हिला हसू आवरेना. मला आलं नाही. मुलगी असती तर घरात शिरली असती. हा तर घरातून निघाला.

रवि., ८ मार्च
फोनवर फ्लॅटचे फोटो दाखवले. उजेड खरंच चांगला. झाड एकही नाही. खोल्या दोन.
"दुसरी कुणाला?"
"तुम्ही दोघं येणार ना राहायला!" फार पटकन म्हणाला.
शेवटच्या फोटोत कपाटाचा आरसा. आरशात फोटो काढणारा समीर, त्याच्या खांद्यामागे लाल कोटाची बाही.
"ती एजंट," तो म्हणाला.
मी काही विचारलंच नव्हतं.
हिला अजून बोललो नाही. दिवा लावताना दोन खोल्यांसाठी हात जोडले. कुणासाठी, ते देवावर सोडलं.